चारशे बारा अक्षरांची कमांड

मला दहा दिवसांची रजा हवी होती. एवढंच. मी बढती मागितली नव्हती, खिडकीजवळची खुर्ची मागितली नव्हती, साहेबांच्या केबिनमधला न करकरणारा एकमेव पंखाही मागितला नव्हता. दहा दिवस. तेही सहा वर्षांनी. बायकोने समुद्रकाठी एक खोली ठरवली होती. खोलीला गॅलरी आहे आणि गॅलरीत दोन खुर्च्या आहेत, हे ती दूधवाल्यापासून सगळ्यांना सांगून मोकळी झाली होती. मला तिने जेवताना सांगितलं, "मी शुक्रवारी निघणार. दुसऱ्या खुर्चीवर तू बसलास तर बरं. नाहीतर बाबांना नेते. त्यांची बॅग भरायला पाच मिनिटं लागतात." माझ्या सासऱ्यांची बॅग कायम भरलेलीच असते, असा माझा जुना संशय आहे.

रजा का मिळत नव्हती ते सांगतो. आमची कंपनी वजनकाट्यांच्या आतलं सॉफ्टवेअर बनवते. धान्याच्या गोदामातला काटा, पार्सलवाल्याचा काटा, भंगारवाल्याचा काटा. प्रोग्रॅम सगळ्यांना एकच. पण एकाला पडदा मोठा हवा, दुसऱ्याला चिठ्ठी छापून हवी, तिसऱ्याला ग्रॅम नकोत, नुसते किलो हवेत. म्हणजे कापड एक आणि अंगं पन्नास. दर गिऱ्हाइकाच्या मापाचं शिवून घ्यायचं, त्याला आम्ही बिल्ड म्हणतो. शिवायचं काम कॉम्प्युटर करतो, पण शिंप्याला जशी मापांची चिठ्ठी लागते तशी त्यालाही लागते. ती चिठ्ठी म्हणजे कमांड. एका ओळीत, न थांबता, न चुकता लिहायची. आमची कमांड चारशे बारा अक्षरांची आहे. एकदा तिच्यात एक मोकळी जागा राहून गेली, तर पार्सल ऑफिसातला काटा आकडे उलटे छापायला लागला. बारा किलोचे एकवीस, एक्काहत्तरचे सतरा. दोन दिवस कोणी तक्रार केली नाही. एक्काहत्तरवाल्याने तर नाहीच नाही.

ही कमांड अख्खी फक्त मला येते. हा माझा मोठेपणा नाही, इतरांचा आळस आहे. मी या कंपनीत टायपिस्ट म्हणून लागलो. कॉलेज मी बाहेरून पाहिलंय, त्याची भिंत चांगली आहे. जे शिकलो ते दुसऱ्यांच्या चुका टाइप करता करता शिकलो. कमांड पाठ झाली, आणि त्या दिवसापासून मी ऑफिसचा पाण्याचा नळ झालो. आला माणूस की सोडला. लग्नाच्या पंगतीत मी फोनवर कमांड सांगितलीय. भाच्याच्या शाळेत, बक्षीस समारंभात, प्रमुख पाहुण्यांचं भाषण चालू असताना सांगितलीय. दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात कापूस कोंबला होता तेव्हा मी ती घशातून सांगितली, आणि पलीकडून विचारणा झाली, "सर, 'ग' नंतर काय म्हणालात?" 'ग' मी म्हणालोच नव्हतो. ते दुखलं होतं.

तर मी रजेचा अर्ज घेऊन साहेबांकडे गेलो. आमचे साहेब कोणत्याही गोष्टीला नाही म्हणत नाहीत. त्यांच्याकडे त्यासाठी दुसरी वाक्यं आहेत.

"घ्या की रजा! मी कुठे अडवतोय?" ते म्हणाले. "फक्त तुमच्यामागे बिल्ड थांबता कामा नये. कोणालाही करता आलं पाहिजे. कोणालाही म्हणजे..." त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं. "आपल्या फोनवरच्या बाई आहेत ना, त्यांना सुद्धा. गुरुवारी बाईंनी माझ्यासमोर बिल्ड करून दाखवावं. झालं की मी सही करतो."

आता 'बाईंना सुद्धा' हे ज्या सुरात म्हटलं गेलं, तो सूर मला ओळखीचा आहे. टायपिस्ट होतो तेव्हा 'टायपिस्टला सुद्धा' असंच म्हणत. पण मला रजा हवी होती. गिळलं.

आधी मी कमांड पदवीधराला शिकवायला गेलो. हा आमच्याकडचा नवा माणूस, दोन पदव्यांचा. त्याने ती चारशे बारा अक्षरं वाचली आणि मेलेल्या उंदराकडे पाहावं तसं पडद्याकडे पाहिलं.

"सर, हे दुरुस्त करण्यात अर्थ नाही. मुळापासून नवं लिहायला पाहिजे."

"किती दिवस लागतील?"

"दिवस?" तो हसला. "आधी मुळात बिल्ड का करायचं, इथून सुरुवात करू."

मी तिथून उठलो. 'मुळात जेवायचं का' असं म्हणणाऱ्याच्या हाती मी स्वयंपाकघर देत नाही.

मग मीच एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो चार प्रश्न विचारायचा: गिऱ्हाईक कोण, पडदा लहान की मोठा, चिठ्ठी छापायची का, ग्रॅम दाखवायचे का. उत्तरं दिली की चारशे बारा अक्षरांची कमांड तो स्वतः जुळवून पडद्यावर मांडायचा. खाली बटण. दाबलं की बिल्ड सुरू. दोन संध्याकाळी लागल्या. सोमवारी मी तो घरी टेबलावर उघडून ठेवला आणि त्याच्याकडे नुसता पाहत बसलो. बायको म्हणाली, "चार प्रश्नच होते, तर सहा वर्षं काय करत होतास?" याला उत्तर आहे, पण ते लांब आहे.

इथे समोरच्या दारातले अर्जकाका आत आले. अर्जकाका एका मोठ्या कचेरीत हेडक्लार्क होते. तेहतीस वर्षं त्यांनी अर्जाचे नमुने बनवले. निवृत्त झाले तरी हाताला चैन नाही. आमच्या जिन्यातला दिवा बदलण्यासाठी त्यांनी दोन पानी नमुना केला होता, तो भरून देईपर्यंत दिवा आपोआप लागायला लागला. त्यांनी चष्मा वर केला, माझे चार प्रश्न वाचले आणि फार प्रेमाने म्हणाले, "हुशार आहेस. पण हा अर्ज नाही. ह्या गप्पा आहेत."

"काका, हा अर्ज नाहीच आहे."

"तेच म्हणतोय मी. समज, एखाद्याला एखादा प्रश्न लागूच होत नाही. तो काय करेल? रिकामं सोडेल. आणि रिकाम्या जागेसारखी धोकादायक गोष्ट नाही. खाली लिही: एकही रकाना रिकामा सोडू नये. लागू नसल्यास 'लागू नाही' असे लिहावे."

"ऐक ना त्यांचं," बायको आतून म्हणाली. "तुझी ती मोकळी जागा राहिली होती, तेव्हा काय झालं होतं?"

मी ऐकलं. माणूस थकलेला असला की शेजाऱ्याचं ऐकतो.

मंगळवारी मी प्रोग्रॅम ऑफिसात दाखवला. ही माझी घोडचूक. करून गुपचूप वापरायला द्यायला हवा होता. आमच्या ऑफिसात काम दाखवलं की त्यावर मीटिंग होते, आणि मीटिंगमधून रिकाम्या हाताने बाहेर पडणं कमीपणाचं समजतात. प्रत्येकाने एक तरी प्रश्न घातलाच पाहिजे.

बारकावेबाई आमच्याकडे तपासणी करतात. त्यांनी एकट्यांनी अकरा प्रश्न दिले. पडद्यावर गिऱ्हाइकाच्या कंपनीचं नाव दाखवायचं का? दाखवायचं तर काय? बिल्डच्या वेळी खोलीचं तापमान किती? मी म्हटलं, "बाई, तापमानाचा काय संबंध?" त्या म्हणाल्या, "संबंध नाही हे तुम्ही लेखी देता का?" मी तापमान घातलं. भांडारातल्या माणसाने 'काटा प्रत्यक्ष शिल्लक आहे काय' हा प्रश्न दिला आणि लगेच झोपेला लागला. पदवीधराने दिला: 'आपण ही कालबाह्य पद्धत बदलू इच्छिता का?' पर्याय दोन: 'हो' आणि 'लवकरच'. सगळ्यांत शेवटी साहेबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "एक साधा प्रश्न माझ्याकडून. 'विभागप्रमुखांची परवानगी घेतली आहे काय?' शिस्त म्हणून हो, बाकी काही नाही."

चाराचे सदतीस झाले. कमांड चारशे बारावरून अडीच हजार अक्षरांवर गेली, आणि तिसऱ्या प्रहरी कॉम्प्युटरने हात टेकले. ओळ फार लांब आहे, घेणार नाही, असं त्याने स्वच्छ सांगितलं. त्या खोलीत इतकं स्पष्ट बोलणारा तो एकटाच होता. मग मी कमांड एका फाइलमध्ये लिहायची आणि कॉम्प्युटरला 'ती फाइल वाच' एवढंच सांगायचं, अशी सोय केली. म्हणजे चिठ्ठी वाचायला सांगणारी चिठ्ठी. हे मी साहेबांना समजावून सांगितलं तर ते म्हणाले, "वा, म्हणजे आता दोन चिठ्ठ्या झाल्या!" त्यांना ती प्रगती वाटली.

बुधवारी रंगीत तालीम. फोनवरच्या बाई वही-पेन घेऊन बसल्या. नऊ वर्षं त्या दाराजवळच्या टेबलावर आहेत. आल्यागेल्याला त्या नावानिशी ओळखतात, आणि त्यांना मात्र सगळे 'फोनवरच्या' म्हणतात. त्यांनी सदतीस प्रश्न मन लावून वाचले. धान्याच्या गोदामाचं बिल्ड होतं. तापमानासाठी त्या उठून तापमापक शोधून आल्या. सदतीस उत्तरं, बटण, बिल्ड झालं. एकही चूक नाही. साहेब इतके खूश झाले की कोणाला न विचारता त्यांनी ते गोदामाला पाठवूनही दिलं.

अर्ध्या तासात गोदामवाल्याचा फोन. बाईंनी माझ्याकडे जोडला.

"अहो, पन्नास किलोचं पोतं ठेवलं. काटा म्हणतो, लागू नाही."

"काय म्हणतो?"

"लागू नाही! रिकामा ठेवला, लागू नाही. शेवटी मी स्वतः चढून उभा राहिलो, तरी लागू नाही. चाळीस वर्षं धान्यात आहे मी. आता काय समजायचं मी?"

मी बाईंची उत्तरं उघडून पाहिली. गोदामाला पडद्यावर कंपनीचं नाव नको होतं. बाईंनी अर्जकाकांची सूचना तंतोतंत पाळली होती: लागू नसल्यास 'लागू नाही' असे लिहावे. माझ्या प्रोग्रॅमने ते शब्द इमानदारीत उचलून कमांडमध्ये घातले, शिंप्याने ते शिवले, आणि काट्याच्या एवढ्याशा पडद्यावर ते बसले ते बसलेच. वजनाला जागाच उरली नाही.

साहेब केबिनच्या दारात येऊन मोठ्याने म्हणाले, "मी म्हटलं होतं ना, पदवी नसली की पाया कच्चा राहतो."

हे त्यांनी म्हटलं नव्हतं. आता म्हटलं. आणि सगळ्यांसमोर म्हटलं. मी जुनी कमांड हाताने मारली, सहा मिनिटांत गोदामवाल्याचं पोतं पन्नास किलोचं करून दिलं, आणि कोणाशी न बोलता घरी गेलो. घरी सासरे बसले होते. बाजूला बॅग.

"सहज आलो होतो," सासरे म्हणाले.

"बाबा, अजून गुरुवार बाकी आहे," बायको म्हणाली. तिने माझी बाजू घेतली की सासऱ्यांना थोडं थांबायला सांगितलं, हे मला अजून कळलेलं नाही.

गुरुवारी सकाळी मी 'लागू नाही' ही भानगड काढून टाकली. रकाना रिकामा तर रिकामा. अकरा वाजता साहेब, बारकावेबाई, पदवीधर, सगळे बाईंच्या खुर्चीमागे वरातीसारखे उभे राहिले. बाईंनी सुरुवात केली. एक, दोन, दहा, वीस, तीस. सगळं सुरळीत. छत्तिसावा. सदतिसावा प्रश्न आला: विभागप्रमुखांची परवानगी घेतली आहे काय?

बाईंनी 'नाही' लिहिलं. प्रोग्रॅम थांबला.

"अहो बाई, 'हो' लिहायचं!" साहेब म्हणाले.

"पण मी घेतलेली नाही, साहेब."

"काल काय लिहिलंत?"

"काल 'लागू नाही' लिहिलं होतं."

मागे कोणीतरी खोकलं. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही इथेच आहात. देऊन टाका परवानगी."

साहेबांचा चेहरा बदलला. "असं कसं देऊन टाकू? काल गोदामात काय झालं पाहिलंत ना? उद्या काही झालं, तर परवानगी कोणाची, असं होणार."

"प्रश्न तुम्हीच घालायला सांगितलात."

"प्रश्न घालायला सांगितला. उत्तर द्यायला कुठे सांगितलं?"

मी शांत माणूस आहे, असं कोणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण सहा वर्षांत ऑफिसात मी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. मी म्हटलं, "साहेब, सहा वर्षं या कंपनीतलं एकेक बिल्ड मी केलं. एकदाही कोणाची परवानगी घेतली नाही, आणि एकदाही तुम्ही विचारली नाही, कारण चुकलं असतं तर मी चुकलो असतो. आता बाई करणार म्हटल्यावर तुम्हाला शिस्त आठवली. तुम्हाला बिल्ड करणारा माणूस नकोच आहे. तुम्हाला चुकणारा माणूस हवाय. तो मी होतो. त्याला उद्यापासून रजा हवी आहे."

पंखा करकरत होता. बारकावेबाई तापमापकाकडे पाहत होत्या.

मी बाईंना म्हटलं, "जरा उठता?" आणि बसलो. एका तासात सगळे सदतीस प्रश्न काढून टाकले. प्रत्येक गिऱ्हाइकाची मापं मला तोंडपाठ होती. ती एका यादीत घालून ठेवली. माणसाला विचारण्यासारखं त्यात काही नव्हतंच, हे मला सहा वर्षांनी कळलं. बिल्ड बाकी असलं की प्रोग्रॅम स्वतः यादी बघणार, स्वतः कमांड जुळवणार, आणि एकच प्रश्न विचारणार: करायचं का? बाईंनी माझ्यासमोर 'हो' दाबलं. चार मिनिटांत बिल्ड झालं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, आजूबाजूला पाहिलं, आणि अर्जावर सही केली. सही इतकी बारीक की उद्या ती त्यांची नाही असंही म्हणता यावं.

शुक्रवारी आम्ही निघालो. सासरे दारापर्यंत आले आणि बॅग घेऊन परत गेले.

गॅलरीत खरोखर दोन खुर्च्या होत्या. एक जरा डुगडुगत होती, ती माझी. सोमवारी सकाळी, समोर समुद्र, हातात चहा, आणि फोन वाजला. बायकोने कप खाली ठेवला.  

"सर," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "पार्सलवाल्यांचं बिल्ड आलंय. पडद्यावर विचारतंय, करायचं का?"

"मग?"

"साहेब म्हणतात, मीटिंग घेऊन ठरवू. ते म्हणतात सरांकडून लेखी घ्या."

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं: 'हो दाबा, माझं नाव सांगा.' सहा वर्षं तेच तर सांगत होतो. मी समुद्राकडे पाहिलं. मग मी म्हटलं, "बाई, तुम्हाला काय वाटतं?"

"मला?"

"हो."

"नऊ वर्षांत हे मला कोणी विचारलं नाही."

"मी विचारतोय."

 त्या म्हणाल्या, "दुसरा फोन वाजतोय, ठेवते." मी फोन बंद केला आणि बायकोच्या पर्समध्ये टाकला. तिने कप उचलला.

अकराव्या दिवशी ऑफिसला गेलो. मीटिंगरूमचं दार बंद होतं, आतून सगळ्यांचे आवाज येत होते. बाईंच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत उभं होतं: करायचं का?

 "बाई, दहा दिवस हे असंच आहे? गिऱ्हाइकांनी काय केलं?"

बाईंनी मीटिंगरूमच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सगळ्यांची झाली, सर. नऊ बिल्डं. तुमच्याशी बोलले आणि पाच मिनिटांत पहिलं केलं. गिऱ्हाइकांचे आभाराचे फोनही आले. मीच घेतले."

"मग आत मीटिंग कसली चालू आहे?"

"हीच. करायचं का. गेल्या सोमवारपासून चालू आहे. मध्ये एक उपसमिती झाली."

"तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर परवानगी विचारली असती. मग मी रोज सकाळी आल्याबरोबर तो प्रश्न नुसता पडद्यावर लावून ठेवते. ते येतात, वाचतात, आत जातात. काम नीट होतं."

तेवढ्यात दार उघडलं. साहेब बाहेर आले, डोळे खोल गेलेले, हातात कागदांचा गठ्ठा. मला पाहून त्यांना हायसं वाटलं. "आलात! बरं झालं. आता तुम्हीच सांगा. करायचं का?"

बाई माझ्याकडे पाहत नव्हत्या. फोन पुसत होत्या.

मी कपाळाला आठ्या घातल्या. पडद्याकडे पाहिलं, कागदांकडे पाहिलं. म्हटलं, "साहेब, घाई नको. सर्व बाजूंनी विचार व्हायला हवा."

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सहा वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना जबाबदार माणूस वाटलो. आत घेऊन गेले आणि स्वतः खुर्ची ओढून दिली. खिडकीजवळची.